पाणी सोनं खात नाही

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही. गुडघे गेले, दात गेले, शाळेत शिकवलेली पोरं आजोबा झाली, पण त्या माणसाचं तोंड आठवलं की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात. त्याच्यापेक्षा जास्त राग मला माझ्या मोठीआईचा, म्हणजे थोरल्या काकूचा, आहे. ती गेली, तिच्या तेराव्याला मी पोटभर जेवले, तरी राग तसाच आहे.

आमचं गाव सिंदी रेल्वेपासून बैलबंडीनं घटकाभराच्या वाटेवर होतं. घरी शेती होती, कपाशी आणि ज्वारी. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ शेती बघायचे आणि मोठीआई घर बघायची. माझे वडील सेलूला शाळेत मास्तर होते. मी सोळा वर्षांची होते आणि त्यांच्याबरोबर सेलूच्या भाड्याच्या खोलीत राहून शिकत होते. आई मात्र गावीच असे, जावेच्या हाताखाली. सणावाराला आम्ही बापलेक घरी यायचो. पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं उलटली होती तेव्हाची ही गोष्ट.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्या झाकलेल्या. ज्यांच्याकडे उघड्या असतात त्यांच्या घरी सगळं गाव दर्शनाला येतं, हळदीकुंकू होतं, जेवणावळी उठतात. झाकलेल्यांचं तसं नाही. देवघराच्या खोलीला लाल लुगड्याचा पडदा लागतो आणि पडद्याआड फक्त घरचीच माणसं जातात. आंबील, पुरण, सोळा भाज्या, काही म्हणजे काही उंबरठ्याबाहेर जात नाही. देवीच्या अंगावरचं सोनंही परक्याच्या नजरेला पडायचं नाही. सोनाराच्यासुद्धा नाही. एकदाणी, गोफ आणि चार बांगड्या, एवढे डाग, म्हणजे दागिने; सगळं पणजीच्या वेळचं. ते कधी सोनाराच्या दुकानाची पायरी चढलं नव्हतं.

मग ते नीट आहे हे कसं कळायचं? त्याचीही रीत होती. देव्हाऱ्यात एका तांबड्या फडक्यात जुनी नाणी गाठ मारून ठेवलेली होती. तिला आम्ही देवीची गाठ म्हणायचो. महालक्ष्म्या उठल्या की घरातला लहान तराजू काढायचा, एका पारड्यात गाठ, दुसऱ्यात देवीचं सोनं. काटा मधे उभा राहिला की या सुनेची पाळी संपली आणि पुढच्या सुनेची सुरू झाली. एक वर्ष मोठीआईची पाळी, एक वर्ष आईची. ज्या सुनेची पाळी, तिनं ते सोनं धुवायचं, पुसायचं, देवीच्या अंगावर घालायचं. दुसरीनं हात लावायचा नाही.

त्या वर्षी पाळी आईची होती. पोळा होऊन गेला होता. बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता आणि वावरात निंदण चाललं होतं. मी सुट्टीला घरी आलेली होते. दुपारी ओसरीवर एक माणूस आला. डोक्याला भगवा रुमाल, कपाळाला गंध, खांद्याला झोळी आणि हातात वेताच्या टोपलीत बसवलेली चिनी मातीची बरणी. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आपलं.

"माय, देवीचे डाग उजळून देतो," तो मोठीआईला म्हणाला. "आसपासच्या गावात समद्या मोठ्या घरी केले."

मोठीआई म्हणाली, "आमच्या झाकलेल्या हाय. परक्याच्या हातात देत नाई आमी."

हे ऐकल्याबरोबर त्या माणसानं काय केलं असेल? त्यानं दोन्ही कान धरले, जमिनीला हात लावला आणि घराकडे चक्क पाठ करून बसला. म्हणाला, "मग तर मी पाहनारबी नाई, माय. हात लावनं तर दूरची गोष्ट. पाप लागंल. तुमीच अंदर घेऊन जा, तुमच्याच हातानं बुडवा. मी इथं अंगनाकडं तोंड करून बसतो. फक्त देवीच्या अंगाचं पानी हाय, ते नालीत टाकू नका. मले वापस द्या, मी वाहत्या नदीत सोडतो."

मोठीआई विरघळली. "पाहा, कसा धरम पाळून राह्यला," असं म्हणत तिनं त्याला चहा दिला. नमुना म्हणून त्यानं तिच्याकडून एक काळा पडलेला तांब्याचा पैसा घेतला, त्याच्या बरणीतल्या पाण्यात दोऱ्यानं सोडला आणि लखलखीत करून दिला. मग मोठीआई आत येऊन आईला म्हणाली, "देवीचे डाग तेलाकुंकवानं काळे पडले. तुह्या पाळीत तरी उजळून घे. लोक काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील हे ती कुणाबद्दल म्हणाली, देव जाणे. आमच्या देवीला लोक बघतच नव्हते.

आईला ते पटलं नव्हतं. पण थोरल्या जावेपुढे नाही म्हणायची तिची छाती नव्हती. तिनं बरणीतलं पाणी दगडी कुंडीत ओतलं, दोऱ्यानं एकेक डाग त्यात सोडला. पाण्याला नाक झोंबणारा वास होता. दोरा एकदा हातातून सुटला, तिनं घाईनं बोटं घातली आणि चटका बसल्यासारखी ओढली. बाहेरून तो थोड्या थोड्या वेळानं हाक मारी, "झालं माय, काढा आता." आईनं काढलं, धुतलं, हळद लावून पुसलं. डाग खरोखर नव्यासारखे पिवळेधमक झाले. पाणी तिनं बरणीत परत ओतलं आणि बरणी ओसरीवर नेऊन ठेवली. त्यानं सव्वा रुपया आणि नारळ घेतला, उंबरठ्याला नमस्कार केला आणि सिंदीच्या वाटेला लागला. एवढा वेळ त्यानं एकदाही मान वळवून पाहिलं नाही. आम्हाला त्याचं केवढं कौतुक वाटलं!

आता कुणीही विचारेल, एवढंही कळलं नाही का? नाही कळलं. आमच्या घरात चोरी म्हणजे कुणाच्या तरी हातानं होणारी गोष्ट. परक्याचा हात लागू नये, नजर पडू नये, एवढ्यासाठी आम्ही चार पिढ्या पडदे लावले होते. ज्यानं हात लावला नाही, पाहिलं नाही, तो चोर असेलच कसा? तो लबाड आमचा नियम आमच्यापेक्षा चांगला जाणत होता. झाकलेल्या महालक्ष्म्यांची घरं तो मुद्दाम शोधायचा, कारण त्या घरचं सोनं सोनारापुढे जात नाही आणि त्या घरची माणसं झालं गेलं बाहेर सांगत नाहीत.

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. तराजू निघाला. मोठेबाबा, माझे वडील, मोठीआई, आई आणि मी, सगळे पडद्याआड बसलो होतो. आईनं एका पारड्यात गाठ ठेवली, दुसऱ्यात सोनं ठेवलं. सोन्याचं पारडं वर गेलं आणि वरच राहिलं. मोठ्याबाबांनी गाठ उचलून पुन्हा ठेवली. पारडं पुन्हा वर.

मोठीआईनं आईचा हात धरला आणि तिची बोटं सगळ्यांपुढे केली. बोटांची टोकं पिवळी होती. हळद नव्हती ती. दहा वेळा राखेनं घासूनही ती जात नव्हती.

"पाहा," मोठीआई म्हणाली, "सोनं खरडू खरडू बोटं पिवळी झाली. पोरीचं लगन हाय ना पुढं. तिचे डाग कुठून होतीन?"

पोरगी म्हणजे मी. म्हणजे देवीच्या अंगावरचं सोनं चोरून ते माझ्या अंगावर येणार होतं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आई भासऱ्याशी बोलत नसे. आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. काही सांगायचं झालं तर लेकराच्या तोंडून सांगते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांग त्याईले. त्या पान्यानं झालं. पान्यात टाकल्यावर बोटं पिवळी झाली म्हनाव."

मी सांगितलं. मोठेबाबा हसले. हसले, हे मी विसरले नाही. म्हणाले, "पानी सोनं खाते काय? पान्यानं सोनं झिजत असतं तं गंगेत आंघोळी करनाऱ्या बायांच्या अंगावर काई राह्यलंच नसतं."

"अन् तो बिचारा तं पाठ करून बसलता," मोठीआई म्हणाली. "त्यानं पाह्यलंबी नाई. त्याच्यावर काऊन आळ घेते?"

"पण बोलावलं तर तुम्हीच होतं!" मी म्हणाले.

"मी कुठं बोलावलं? चहा पाजला फक्त." करून सवरून नामानिराळं राहायचं कुणी तिच्याकडून शिकावं.

मी वडिलांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. दिवसभर शाळेत पोरांवर ओरडणारा माणूस, बायकोवर चोरीचा आळ आला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. नंतर सेलूला परत जाताना बंडीत ते मला एवढंच म्हणाले, "घरात भांडण नको." मी सेलू येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

निकाल असा लागला. आईची पाळी कायमची गेली. पुढच्या वर्षापासून महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत आईनं पडद्याआड यायचं नाही. स्वयंपाक करायचा, भाज्या चिरायच्या, पुरण वाटायचं, पण देवीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. म्हणजे परक्यासारखं. ज्या घरी ती लग्न होऊन आली, ज्या देवीला तिनं माझ्या जन्माच्या आधीपासून नैवेद्य दाखवला, त्या देवीच्या दृष्टीनं ती आता बाहेरची बाई होती. एखाद्या बाईला घरातून हाकललं तर निदान गावाला कळतं. इथं पडद्यामागे हाकललं होतं. कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

आईनं वर्षभर त्यावर एक शब्द काढला नाही. मोठीआई मात्र रोज काढायची. विहिरीवर, चुलीपाशी, दळताना. "पानी सोनं खात नाई, बाई. मानूस खाते." जणू ओवी म्हणायची ती. आईची बोटं महिन्याभरात पुन्हा पहिल्यासारखी झाली, कातडी निघाली, नवी आली. मोठीआईनं तेही पाहिलं आणि म्हणाली, "पुसलं गेलं एकदाचं."

दुसऱ्या वर्षी श्रावणात मी सेलूच्या बाजारात गेले होते. मिरच्या घेऊन वळते तर चिंचेखाली तोच भगवा रुमाल. दोन बाया त्याच्यासमोर उभ्या होत्या आणि तो कान धरून म्हणत होता, "मी पाहनारबी नाई, माय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडावं, चार माणसं गोळा करावी, असं वाटलं. पण ओरडून सांगणार काय? यानं हात लावला नाही, पाहिलं नाही, सव्वा रुपया घेतला. लोक हसले असते, मोठेबाबा हसले होते तसे. मी जवळ गेले आणि त्याचे हात पाहिले. त्याच्या बोटांची टोकं पिवळी होती. अगदी आईची होती तशी. मग मला दुसरा पुरावा नको होता.

मी अंगात होती नव्हती तेवढी साखर जिभेवर आणली. "काका, ओळखलं का? मागच्या वर्षी आमच्या घरी आलते. सिंदीजवळ."

तो सावध झाला. डोळे बारीक करून म्हणाला, "समदं बराबर झालं होतं ना?"

"बराबर? देवी अशी उजळली का विचारू नका. मोठीआई रोज तुमचं नाव घेते." हे तर खरंच होतं. "तिच्या स्वतःच्या पाटल्या उजळायच्या आहेत. जाड आहेत. पोळ्यानंतर या म्हणाली."

पाटल्या जाड आहेत म्हटल्यावर त्याचे डोळे पुन्हा मोठे झाले. तो हिंगणीकडे जाणार होता, तिकडून येतो म्हणाला. मी त्याला नमस्कार केला. वाकून केला.

वडिलांना मी हे सांगितलं नाही. ते म्हणाले असते, जाऊ दे. पुढच्या शनिवारी गावी गेले आणि आईला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, तांदूळ निवडत राहिली, खडे बाजूला टाकत राहिली. शेवटी ती म्हणाली, "येऊ दे त्याले."

"मग पोलीसपाटलाला सांगू?"

"नाई. मोठ्या बाईच्या पाटल्या पाह्यजे मले."

मोठीआईला ती मोठ्या बाई म्हणायची. मला आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा मी आईच्या गळ्यात पडले. माझी आई एवढी डोक्याची असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि एवढी कठोर असेल असं तर मुळीच नव्हतं. दोन्हीचा मला सारखाच आनंद झाला.

पोळा झाला आणि तो आला. ओसरीवर बसला, बरणी ठेवली, घराकडे पाठ केली. मोठीआई त्याला पाहून हरखली. "आला का बाबा!" आईनं मला वावरात पिटाळलं. "मोठेबाबाले बोलावून आन. म्हनाव, देवीचं काम हाय."

मोठेबाबा पाय धुऊन माजघरात आले. आईनं तिथं मधोमध दगडी कुंडी मांडली होती, शेजारी तोच लहान तराजू. बरणीतलं पाणी तिनं आधीच कुंडीत ओतलं होतं. पदर नाकापर्यंत ओढून ती बसली होती.

"मोठ्या बाई," ती म्हणाली, "पाटल्या द्या."

"माह्या? माह्या काऊन?"

"उजळाच्या ना? त्याले त्यासाठीच बोलावलं."

मोठीआईनं मनगट पदराखाली घेतलं. "माह्या चांगल्या हाय. मले नाई उजळाच्या."

"काऊन? पानी सोनं खात नाई ना?" आईचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "वर्षभर तुमीच म्हनत होत्या. मंग भेव कायचं?"

मोठीआईचं तोंड उघडं राहिलं. मी ते डोळे भरून पाहिलं. नाही म्हणावं, तर पाणी सोनं खातं हे तिनं स्वतःच कबूल केलं. हो म्हणावं, तर पाटली जाते. वर्षभर जे जातं तिनं आईच्या डोक्यावर दळलं होतं, ते आता तिच्याच गळ्यात होतं. तिनं मोठ्याबाबांकडे पाहिलं.

मोठेबाबा जागच्या जागी हलले. पाणी सोनं खातं काय, हे पहिल्यांदा त्यांनीच म्हटलं होतं. आता धाकट्या भावजयीपुढे आणि पुतणीपुढे मागे कसं येणार? नाकापेक्षा मोती जड झाला होता. ते म्हणाले, "दे. काई होत नाई."

तिनं पाटल्या उतरवल्या. आईनं एक या पारड्यात ठेवली, दुसरी त्या पारड्यात. जोडीच्याच त्या, काटा मधोमध उभा राहिला. "पाहून घ्या म्हनाव," आई मला म्हणाली. मी म्हटलं, "मोठेबाबा, पाहून घ्या." त्यांनी पाहिलं. मग आईनं एक पाटली बाजूला ठेवली आणि दुसरी दोऱ्याला बांधून कुंडीत सोडली.

तोच झोंबरा वास आला. बाहेरून नेहमीची हाक आली, "झालं माय, काढा आता."

आईनं काढली नाही.

थोड्या वेळानं पुन्हा, "माय, बस झालं. उजळल्या असतीन."

आई कुंडीकडे पाहत बसली होती. दोऱ्याचं टोक तिनं पायाच्या अंगठ्याखाली दाबून ठेवलं होतं. मोठीआईनं हात पुढे केला, तर आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मोठीआईचा हात परत गेला. पाण्याचा रंग हळूहळू पिवळट होत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

"ओ माय! काढा ना!" त्याचा आवाज चढला. "एवढा वेळ नाई ठेवायचं!"

आईनं मला खूण केली. मी ओरडले, "का नाही ठेवायचं? पाणीच आहे ना? नदीत सोडायचं पाणी!"

तो उठलाच. जो माणूस पाप लागेल म्हणून मान वळवत नव्हता, तो ओसरीवरून धावत आला आणि माजघराच्या दारात उभा राहिला. सरळ कुंडीत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काढा म्हनतो ना! पूरी खतम होऊन जाईल!"

मग त्याचं मोठ्याबाबांकडे लक्ष गेलं आणि त्याला कळलं की आपण काय बोललो.

मोठेबाबा अगदी हळू म्हणाले, "काय खतम होईल?"

आई उठली. लग्न होऊन आल्यापासून जी भासऱ्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती, तिनं डोक्यावरचा पदर तसाच ठेवला, पण तोंड मोठ्याबाबांकडे केलं आणि थेट त्यांना म्हणाली, "ऐकलं?"

एवढंच म्हणाली. मग तिनं दोरा ओढून पाटली काढली, स्वच्छ पाण्यात धुतली, पदरानं पुसली आणि पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात तिची जोडीदारीण. काटा कलंडला. बुडवलेली पाटली वर गेली, आणि कुणीही सांगावं असं काही उरलं नाही.

तो पळाला, पण अंगणापर्यंतच. निंदणाहून परतणारी माणसं होती, मी ओरडले होते. त्याला मार बसला. पुष्कळ बसला, तरी मला तो पुरेसा वाटला नाही. माझ्या मते त्याच्याच पाण्यात त्याचे हात कोपरापर्यंत बुडवून ठेवायला हवे होते, आणि मी तसं म्हणालेही. मोठ्याबाबांनी मला गप्प केलं आणि माणसांबरोबर त्याला सिंदीच्या ठाण्यात पाठवलं. पुढं त्याचं काय झालं ते कळलं नाही. चांगलं झालं नसावं, अशी माझी अजून आशा आहे.

कुंडीतलं पाणी आईनं बरणीत भरून ठेवलं होतं. मोठेबाबा ती बरणी सिंदीच्या सोनाराकडे घेऊन गेले. तेजाबात विरघळलेलं सोनं वेगळं करायला त्यानं त्यात हिराकस टाकला, खाली बसलेला गाळ वितळवला, आणि वाटाण्याएवढा सोन्याचा मणी हातावर ठेवला. मोठीआई म्हणाली, "माही पाटली बरोबर करून आना त्यातून."

आई म्हणाली, "सांग त्याईले. तो मनी देवीचा हाय. देवीचं गेलं, ज्यानं बोलावलं त्यानं भरून द्यावं."

मोठ्याबाबांनी मणी एकदाणीत ओवून आणला. पारडं पूर्ण खाली आलं नाही, पण बरंच आलं. मग त्यांनी माझ्यासमोर, म्हणजे मला निरोप्या करून, आईला सांगितलं की या वर्षी पाळी तिची, पडद्याआड ती येईल, आणि जे झालं ते विसरून जावं. आईनं पहिल्या दोन गोष्टी घेतल्या.

तिसरी घेतली नाही, हे मी शपथेवर सांगते. महालक्ष्म्यांच्या दिवशी तिनं मोठीआईला शेजारी बसवलं, अगदी मानानं. आरतीला मोठीआईनं हात वर केला की ती बारीक झालेली पाटली सरकन कोपरापर्यंत घसरायची आणि हात खाली केला की त्याच हातातल्या जाड पाटलीवर येऊन टणकन आपटायची. दर आरतीला हे व्हायचं. मोठेबाबा एकदा म्हणाले, नवी जोड करू. आईनं माझ्या तोंडून निरोप दिला, "म्हनाव, राहू द्या. पानी सोनं खात नाई."

मोठीआईनं त्या पाटल्या तशाच घातल्या, शेवटच्या आजारापर्यंत.

हल्ली मला फोन येतात. गोड आवाजात एक मुलगा म्हणतो, आजी, आम्ही तुमचा कोणताच नंबर विचारणार नाही, आम्हाला बघायचंही नाही, तुमच्या हातानंच तुम्ही आकडे टाका, फक्त आलेला मेसेज आमच्याकडे परत पाठवा, तो तुमच्या काही कामाचा नाही. मी त्याला आधी सगळं बोलू देते. बोलू दिलं की ती चिनी मातीची बरणी दिसायला लागते. माझा नियम माझ्यापेक्षा जास्त जपणारा, घाई करणारा, आणि जाताना काहीतरी निरुपयोगी म्हणून परत मागणारा माणूस मी पाठीवरून ओळखते. मग मी त्याला वऱ्हाडीतल्या अशा शिव्या देते की त्या मास्तरीणबाईंच्या तोंडी शोभत नाहीत. त्यानं फोन ठेवला तर मीच उलट फोन करते.

मोठीआई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं आईनंच केलं. न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं. शेवटच्या दिवसांत एका दुपारी तिनं आईला जवळ बोलावलं, दोन्ही पाटल्या उतरवल्या आणि त्यातली बारीक आईच्या हातावर ठेवली. तिचे डोळे भरले होते. "हे तुही," ती म्हणाली. "मी लय वाईट वागली तुह्याशी. हे ठेव अन् मले माफ कर."

मी तिथंच होते. मला वाटलं, आता आई रडेल. सगळे रडतात अशा वेळी.

आईनं ती बारीक पाटली परत मोठीआईच्या मनगटावर चढवली, नीट, कोपरापर्यंत सरकणार नाही अशी पट्टी बांधून. मग उशाशी ठेवलेली जाड पाटली उचलून स्वतःच्या हातात घातली.

"बारीक तुमची," ती म्हणाली. "मले जाड द्या." आणि मऊ भाताचा घास तिच्या तोंडाशी नेला.

मी आईच्या जागी असते, तर दोन्ही घेतल्या असत्या.